अक्षर टांगायचं कुठं, बसवायचं कुठं

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा सव्वासहा वर्षांचा, बेळगाव तालुक्यातल्या एका गावात मराठी शाळेत पहिलीला. रोज संध्याकाळी त्या त्याच्याकडून मराठी, कन्नड आणि इंग्रजीचं एकेक पान लिहून घेतात. तिन्हींत किडे-मुंग्या. तिसऱ्या पानाला तो रडायला लागतो, मग आईचाही धीर सुटतो. कुठला कित्ता घ्यावा आणि सुट्टीत हस्ताक्षराचा वर्ग लावावा का, एवढंच त्यांनी विचारलंय.

ताई, कित्त्याचं आधी सांगून टाकते. घ्यायचाच तर बाजारातला कुठलाही चालेल, आणि सध्या घेतला नाहीत तरी चालेल. तुमच्या प्रश्नातला मला अडलेला शब्द आहे ‘तिन्हींत’. तुम्हाला वाटतंय की पोराचा हातच वाईट आहे, म्हणून तो तीन वह्यांत दिसतो. मला वाटतं हात बराच असावा. त्याच्याकडून तीन निराळ्या गोष्टी करून घेतल्या जातायत, आणि त्या निराळ्या आहेत हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या मराठी शाळांत ३१ वर्षं शिकवलं, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीला. तरी वही न बघता बोलतेय, हे लक्षात ठेवा. तो पेन्सिल कशी धरतो, डावरा आहे का, अंगणवाडीत असतानाच त्याच्याकडून बारीक अक्षर लिहून घेतलंय का, यावर बरंच अवलंबून आहे. आणि एक गोष्ट तुम्हीच आज संध्याकाळी तपासा. समोर काही न ठेवता नुसतं म्हणा, ‘ग काढ बघू.’ मग ‘म’, मग ‘क’. न बघता काढला, वेडावाकडा का असेना, तर प्रश्न हाताचा. बघितल्याशिवाय येतच नसेल, तर तो अजून लिहीत नाही, चित्र काढतोय. अशा मुलाला वळणाचं काही सांगू नये. आधी अक्षर ओळखीचं व्हायला हवं.

आता तीन लिप्यांचं. इथं जरा जास्त वेळ घेते, कारण हे पुण्या-साताऱ्याच्या सल्ल्यांत सापडत नाही. तिकडच्या मुलांना कन्नड लिहावं लागत नाही. आपल्याकडे २०१५ च्या कायद्यानंतर कुठल्याही माध्यमाच्या शाळेत कन्नड आहेच. तिच्याबद्दल घरात कुणाचं मत काहीही असो, ते पोराच्या पेन्सिलीपर्यंत पोचू देऊ नका. हात सगळं ओळखतो.

मराठी अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. कन्नड अक्षर गोल फिरतं, आणि बहुतेकांच्या डोक्यावर आपापला हुकासारखा छोटा आकडा असतो. त्याला ते लोक तलकट्टु म्हणतात. आपल्या शिरोरेखेसारखा तो शेजारच्या अक्षराला जोडलेला नसतो. दक्षिणेकडे ताडपत्रावर लोखंडी टोकाने कोरून लिहायचे आणि सरळ रेघेने पान फाटायचं, म्हणून तिकडच्या लिप्या गोल झाल्या असं सांगतात. आपल्याकडचं उलट उदाहरण मोडीचं. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत शेताचं मोडीतलं खरेदीखत होतं. त्यात आधी पानभर आडवी रेघ ओढलेली आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरं लोंबवलेली. रेघ आधी, अक्षर मागून. घरातली म्हातारी माणसं देवनागरीला बाळबोध म्हणायची, ते ह्या मोडीपासून वेगळं ओळखण्यासाठी.

नोकरीत कन्नड लिहायची वेळ आली तेव्हा माझंही तुमच्या पोरासारखंच झालं होतं. माझी कन्नड अक्षरं बघून एक कन्नड बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘अक्का, तुम्ही ही दोरीवर वाळत घातलीत की.’ बरोबर होतं त्यांचं. मी आडवी रेघ मारून सगळी अक्षरं तिला लटकवली होती. तेव्हापासून मुलांच्या वह्या मी ह्या नजरेने बघायला लागले, आणि जे ‘घाण अक्षर’ वाटायचं त्यात निम्मं तरी एका लिपीची सवय दुसरीत आलेली असायची.

काही नमुने सांगते, तुमच्या वहीशी ताडून बघा.

‘आंबा’ लिहिताना टिंब डोक्यावर न देता आ आणि बा यांच्या मधे गोल शून्य काढलंय? ते कन्नडातून आलंय. तिथं अनुस्वार अक्षराच्या शेजारी शून्यासारखाच लिहितात, त्याला सोन्ने म्हणतात, म्हणजे शून्यच. ‘अप्पा’ लिहिताना प च्या पायाशी दुसरा छोटा प काढलाय? तेही कन्नडच. कन्नड जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली जातं, आपल्यात बहुधा पहिल्याचा दांडा जातो. मराठी शब्दावर सलग रेघ न येता प्रत्येक अक्षराला तुटका आकडा येतो, तो तलकट्टु. आणि मराठी अक्षरं खालच्या रेघेवर बसून वरची शिरोरेखा हवेत कुठंतरी गेलेली असेल तर तो इंग्रजीचा परिणाम. पोराला इंग्रजी नऊ आणि मराठी १, इंग्रजी चार आणि मराठी ५ यांत घोटाळा होत असेल तर तोही ह्याच घरातला.

पहिल्या वेलांटीचं मात्र खास आहे. कन्नडात कुठलीही मात्रा अक्षराच्या डाव्या बाजूला येत नाही. वर, उजवीकडे, नाहीतर खाली. त्यामुळे ‘दिवा’ म्हटलं की पोर आधी द काढतो, मग वेलांटीला डावीकडे जागाच उरत नाही, म्हणून ती उजवीकडे देतो आणि ‘दीवा’ होतो. बाई शुद्धलेखनाची चूक म्हणून लाल गोल करतात. खरं ती शुद्धलेखनाची चूक नव्हेच, क्रमाची आहे. मी मुलांना सांगायची, ‘पहिली वेलांटी म्हणजे आधी येऊन बसलेला पाहुणा.’ आधी उभा दांडा, मग त्याच्या शेजारी अक्षर, शेवटी वरची कमान. महिन्याभरात ‘दीवा’ गेला.

आता यावर करायचं काय? तिन्ही लिप्या एका संध्याकाळी घेऊ नका. एक दिवस एकच लिपी. सोमवारी-मंगळवारी मराठी, बुधवारी कन्नड, गुरुवारी-शुक्रवारी मराठी, शनिवारी इंग्रजी, असं काहीतरी. शाळेचा गृहपाठ असेल तेवढा होऊ द्या, त्यात वळणाची कटकट नको. आणि लिहायला बसण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ‘आज टांगायचं, बसवायचं की फिरवायचं?’ ह्या तीन शब्दांनी माझ्या वर्गात जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही तक्त्याने केलं नाही.

वह्याही वेगळ्या हव्यात. मराठीला दुरेघी. वरची रेघ म्हणजे शिरोरेखा, अक्षराचं पोट दोन रेघांच्या मधे, वेलांट्या-मात्रा वर, उकार खाली. इंग्रजीची चार रेघी वही मराठीला वापरू नका. मी अशी शाळा बघितलीय जिथं एकच चार रेघी वही तिन्ही भाषांना चालायची, आणि मग मूल दर ओळीला नवीन घर शोधायचं. दुरेघीतही दोन रेघांमधलं अंतर मोठं असलेली घ्या. न मिळाल्यास साध्या कागदावर पट्टीने बोटभर अंतरावर रेघा मारून द्या. पहिलीच्या मुलाने अक्षर मोठंच काढावं, बारीक व्हायला पुढं खूप वर्षं आहेत.

शिरोरेखा कधी मारायची यावर शिक्षकांत मतं वेगळी आहेत. काही जण प्रत्येक अक्षराला लगेच मारायला लावतात. मी पूर्ण शब्द झाल्यावर, डावीकडून उजवीकडे, एका दमात मारायला लावते. हात कमी वेळा उचलावा लागतो आणि शब्द एक दिसतो. पण यात एक पथ्य आहे: भ आणि ध आले की रेघ तिथं तोडायची. सपाट ओढली की ‘धर’चं ‘घर’ होतं आणि ‘भात’ ‘मात’ होऊन ताटात येतो. मुलांना ही गंमत फार आवडते. ‘भ ला श्वास घ्यायला जागा ठेव’ म्हटलं की विसरत नाहीत.

अक्षरांचा क्रम हाही महत्त्वाचा. अ आ इ ई हा म्हणायचा क्रम आहे, काढायचा नव्हे. अ आणि इ ही तर सुरुवात करायला अवघड अक्षरं. आपल्या जुन्या शिक्षकांनी ‘ग म भ न’ उगीच लावलेलं नाही. दांडा आणि थोडंसं वळण, एवढ्यात चौघं होतात. कर्नाटकातल्या शाळांतल्या नलि-कलि, म्हणजे हसत-खेळत शिकायच्या, पद्धतीतही कन्नडची सुरुवात ‘र ग स द अ’ अशी होते, वर्णमालेने नव्हे. कन्नड बाईंकडून मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं की अडचण दोन्हीकडे तीच होती आणि उत्तरही जवळजवळ तेच निघालं. तुम्ही मराठीसाठी असं धरा: आधी ग म न भ, मग व ब क, मग प फ ष, मग ट ठ ढ द अशी बिनदांड्याची. ल, श, ळ, झ सावकाश. ल आणि श ची हिंदी पुस्तकातली रूपं आणि आपली रूपं वेगळी. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय. पोराच्या पुस्तकात जे असेल तेच घरी काढून दाखवा, दोन-दोन रूपं नकोत.

हाताविषयी थोडं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि वर्षागणिक एकेक टणक होत जातात. शेवटचं व्हायला नऊ ते बारा वर्षं लागतात. सव्वासहा वर्षांच्या मुलाला तीन पानं म्हणजे तुम्हाला-आम्हाला दिवसभर जात्यावर दळण. रडू येणारच.

मुलाची तयारी झालीय का हे बघायचा माझा उपाय म्हणजे फुली-गोळा. तीनेक वर्षांचं मूल गोल काढतं, चारला अधिकचं चिन्ह, पाचच्या आसपास चौकोन आणि तिरकी फुली, मग त्रिकोण. ज्याला फुलीच्या दोन तिरक्या रेघा मधे छेदता येत नाहीत त्याला क्ष आणि ज्ञ शिकवून काय उपयोग? तेव्हा पंधरा दिवस नुसता फुली-गोळा खेळा. दसऱ्याला पाटीवर १ च्या आकड्यांची सरस्वती काढतो ना, ती त्याच्याकडून काढून घ्या. दसऱ्यालाच काढायची असं कुठं आहे? उभ्या रेघा, तिरक्या रेघा आणि मापात राहणं, तिन्ही त्यात येतं.

बोटांना काम द्या, पेन्सिलीशिवाय. शेंगा फोडणं, तांदळातले खडे निवडणं, अबोलीचा गजरा ओवणं, भाकरीच्या पिठाची गोळी करणं. हे काम म्हणून सांगू नका, तुम्ही करत असताना शेजारी बसवा. जुने लोक धुळाक्षरं काढून घ्यायचे त्यातही हेच शहाणपण होतं. बोट धुळीत फिरतं तेव्हा अक्षराची वाट हाताला कळते, चुकलं की हात फिरवून पुसता येतं आणि चुकीचा पुरावा राहत नाही. ताटात तांदळाचं पीठ पसरा, नाहीतर अंगणातल्या फरशीवर ओल्या बोटाने काढू द्या.

पाटी असेल तर दगडाचीच. प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिल घसरते, दगडावर ती जरा अडते, आणि त्या अडण्यातून हाताला जोर किती लावायचा ते कळतं. आपल्याकडे शाळा जूनच्या तोंडाशी सुरू होते आणि पहिलीच्या मुलाचं लिहिणं ऐन पावसात येतं. खानापूरकडे जुलैत वह्या इतक्या सर्द व्हायच्या की पेन्सिल टोचली की कागद फाटायचा आणि मूल घाबरून आणखी दाबायचं. म्हणून मी दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत वही जवळजवळ काढायचीच नाही. पालक तक्रार करायचे, वही कोरी का म्हणून. साहेब तपासणीला आले की तेही विचारायचे. त्या कोऱ्या वह्यांसाठी मी एकदा लेखी उत्तरही दिलंय.

पेन्सिल आखूड द्या. नवी लांब पेन्सिल मूठभर धरली जाते. अंगठ्याएवढा तुकडा तीन बोटांशिवाय धरताच येत नाही. पकड शिकवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. बसायला जमिनीवर असेल तर मांडीवर वही नको. समोर पाट किंवा ट्रंक ठेवा, कोपर टेकेल अशा उंचीला.

आणि लिहायचं किती? दहा मिनिटं. पाच ओळी. एक पान नव्हे, आणि तीन तर नव्हेच. पानाच्या वरच्या ओळीत तुम्ही छान ‘ग’ काढून दिलात आणि खाली दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर काय होतं ते नीट बघा. पहिली ओळ तुमच्याकडे बघून. दुसरी स्वतःच्या पहिलीकडे बघून. पाचव्या ओळीत तो स्वतःच्या चौथ्या ओळीतली चूक इमाने-इतबारे गिरवत असतो. कित्त्यांवर माझा राग आहे तो याचसाठी. म्हणून नमुना दर ओळीच्या सुरुवातीला द्या, किंवा पान खालून वर लिहायला लावा, म्हणजे त्याचं स्वतःचं अक्षर हाताखाली झाकलं जातं. ठिपक्यांवरून गिरवणं चार दिवस ठीक आहे. पुढं मुलं ठिपक्याला ठिपका जोडतात आणि कुठून सुरू करायचं ते बघतच नाहीत. त्यापेक्षा तुम्ही त्याच्यासमोर हळू काढा, तोंडाने म्हणत: ‘खाली आली, वळली, दांडा.’ त्याने तुमचा हात बघायचा. निकाल नंतर बघू दे.

ओळ झाली की तुम्ही चुका दाखवू नका. त्यालाच विचारा, ‘ह्या ओळीतला सगळ्यात छान कुठला?’ त्याने त्याला गोल करायचा. सहा वर्षांचं मूलही बरोबर ओळखतं, बऱ्याचदा माझ्यापेक्षा चांगलं. रबर मात्र त्या दहा मिनिटांत लपवून ठेवा.

डावरा असेल तर हात बदलायला लावू नका, कुणी वडीलधाऱ्यांनी सांगितलं तरी. वही उजवीकडे कलती ठेवा, पेन्सिल टोकापासून थोडी लांब धरू द्या. शिरोरेखा त्याने उजवीकडून डावीकडे ओढली तरी चालते. डाव्या हाताला ती तशी सोपी जाते, आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

अक्षर आरशातल्यासारखं उलटं येतं म्हणून पहिलीत घाबरू नका, सात वर्षांपर्यंत ते चालायचंच. तिसरीत पोचूनही उलटं येत असेल, तोंडी धडाधड सांगणारं मूल कागदावर दोन ओळीच लिहीत असेल, किंवा बोटं दुखतात म्हणत असेल, तर आधी डोळे तपासा आणि मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मूल आळशी आहे असं ठरवायची घाई नको. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं ‘घाण अक्षर’ चष्मा लागल्यावर पंधरा दिवसांत सुधारलं. त्याआधी दोन वर्षं आम्ही सगळे, मीसुद्धा, तिला रागावत होतो.

वर्गाबद्दल तुमचा प्रश्न राहिला. सुट्टीतले महिना-दोन महिन्यांचे वर्ग असतात, त्यांत मुलांचं अक्षर सुधारलेलं दिसतं, आणि जूनमध्ये शाळेतला वेग आला की ते पुन्हा पहिल्यासारखं होतं. चौथी-पाचवीच्या मुलाला त्याचा उपयोग होऊ शकतो, कारण त्याला स्वतःला सुधारायचं असतं. तुमच्या पोरासाठी ते पैसे ठेवा. त्यातून एक दगडी पाटी, दोन दुरेघी वह्या आणि शेंगा घ्या.

बाईंना भेटाल तेव्हा अक्षराची तक्रार करू नका, एवढंच विचारा की मराठीचा गृहपाठ दुरेघीत केला तर चालेल का, आणि तीन भाषांचं लेखन एकाच दिवशी न देता वाटून देता येईल का. ५०-५० मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना हे ऐकून रागही येऊ शकतो. मलाही आला असता. पण पालकाने असं नेमकं काही मागितलं की मी दुसऱ्या दिवशी तरी ते करून बघायची.

पुढचे चार आठवडे एवढंच करा: आधी फुली-गोळा, मग पाटीवर ग म न भ, एका दिवशी एक लिपी, दहा मिनिटं झाली की वही बंद. त्याला आणखी लिहायचं असलं तरी बंद.